घाट उतरताना न्यूट्रल नको: गाडीतल्या सुरक्षेच्या आणि इंधनबचतीच्या यंत्रणा प्रवासात कशा वापरायच्या

कुंभार्ली घाट उतरून पोफळीला पोचलो तेव्हा पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. गाडी चार महिन्यांची होती. चालवत होते माझे मामा, चाळीस वर्षांचा हात. घाटमाथ्यावरच त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली होती. "मामा, गिअर टाका ना," मी दोनदा म्हटलं. "अरे, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?" पेट्रोल त्यांनी जास्तच जाळलं, आणि वर ब्रेक पॅडही जाळले.

नव्या गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस, एअरबॅग, घसरण रोखणारी ईएससी, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन, असं पुष्कळ काही असतं. पण यातली प्रत्येक यंत्रणा काही गोष्टी गृहीत धरून बनवलेली असते. टायरमध्ये नेमकी हवा आहे, माणसाने पट्टा लावलाय, उतारावर गाडी गिअरमध्ये आहे. गृहीत मोडलं की यंत्रणा असून नसल्यासारखी. म्हणून खाली एका प्रवासाचा क्रम दिला आहे: पाच माणसं, सामान, वाटेत घाट, गाडी पेट्रोलवरची आणि हाताने गिअर बदलायची. ऑटोमॅटिक, डिझेल आणि हायब्रिडचे फरक त्या-त्या जागी येतील. क्रम मोडू नका. आधीचा टप्पा चुकला तर पुढच्या टप्प्यातली यंत्रणा काम करत नाही.

टप्पा १: हवा, आणि तीही थंड टायरमध्ये

गाडी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर. एबीएस असो वा ईएससी, टायर जेवढी पकड देईल तेवढीच त्यांना वापरता येते. हवा कमी असेल तर पकड बिघडते, टायर तापतो आणि चाक ओढायला इंजिनला जास्त जोर लागतो. सुरक्षा आणि ॲव्हरेज दोन्ही एकाच वाल्वमधून निसटतात.

१. चालकाचं दार उघडा. दाराच्या खांबावर स्टिकर असतं. त्यावर सहसा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. सहलीला निघताना दुसरा आकडा घ्या. मागच्या टायरमध्ये तो बहुधा बराच जास्त असतो.

२. टायरच्या बाजूला कोरलेला आकडा वाचून हवा भरू नका. टायर जास्तीत जास्त किती दाब सोसतो, एवढंच तो सांगतो.

३. हवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर तपासा. घराजवळचा पंप दोन-तीन किलोमीटरवर असेल तर हळू जा. हायवेवर पन्नास किलोमीटर पळवून मग तपासलं, तर टायर गरम असल्यामुळे काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. ही जास्तीची हवा काढायला सांगणं ही सर्रास होणारी चूक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच टायर कमी हवेवर उभे असतात.

४. स्टेपनी. निघताना आठवत नाही, पंक्चर झाल्यावर आठवते.

५. हवेचा इशारा देणारी यंत्रणा असेल तर हवा भरून झाल्यावर ती नव्याने सेट करा. काही गाड्यांत प्रत्येक चाकात दाब मोजणारा सेन्सर असतो. बऱ्याच गाड्यांत तसं काही नसतं. तिथे एबीएसचेच सेन्सर चाकांचे फेरे मोजतात, आणि हवा गेलेलं चाक किंचित लहान होऊन जास्त फेरे घेतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत चुकीच्या हवेवर बटण दाबलं, तर ती चुकीची हवाच योग्य म्हणून लक्षात ठेवते. चारही टायर सारखेच हळूहळू बसत गेले, तर हा फरक तिला दिसेलच असं नाही. म्हणून दिवा लागला नाही याचा अर्थ हवा ठीक आहे असा घेऊ नका.

*तपासणी:* टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. पावसाळ्यात त्याच्या आधीच टायर बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे. खाच उथळ असली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या टायरला कुठलीही यंत्रणा वाचवू शकत नाही.

टप्पा २: बोनेटखाली दोन गोष्टी

पहिली, ब्रेक ऑइल. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ताजं तेल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. ओल शोषलेलं तेच तेल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. घाटात ब्रेक तापले की तेलात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल तळाशी जातं. गाडी कमी चालली असली तरी ओल शोषणं थांबत नाही, म्हणून किलोमीटर न बघता पुस्तिकेतल्या मुदतीला, साधारण दोन वर्षांनी, तेल बदला. पातळी खाली गेली असेल तर नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजले की पातळी उतरते, म्हणून पॅड आधी पाहून घ्या.

दुसरी, बॅटरी. सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या गाडीला वारंवार स्टार्ट सोसणारी खास बॅटरी लागते. बदलताना स्वस्त म्हणून साधी बसवली, तर ती लवकर मरते आणि त्याआधी ती इंधनबचतीची सोय गपचूप बंद पडते.

टप्पा ३: बसणं. आधी सीट, मग स्टिअरिंग, मग हेडरेस्ट, शेवटी पट्टा

हाच क्रम का? सीट हलली की बाकी सगळं हलतं.

१. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. पाय ताठ होत असेल तर संकटात एबीएसला लागणारा जोर तुम्ही देऊ शकणार नाही.

२. स्टिअरिंगचा मधला भाग आणि तुमची छाती यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, साधारण एक वीत आणि वर चार बोटं. एअरबॅग सुमारे तीस मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायच्या आत. तिला फुगायला जागा लागते. छाती चिकटून असेल तर तिचाच तडाखा बसतो.

३. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या पातळीला आणा. मानेपाशी ठेवलेलं हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर मान मागे मोडायला टेकूच देतं.

४. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. वरचा खांद्याच्या मध्यावरून. जाड जॅकेट किंवा रेनकोट काढा. धडकेच्या क्षणी यंत्रणा पट्टा खेचून घट्ट करते, पण तिला मोजकेच सेंटिमीटर खेचता येतो. ते जॅकेटच्या ढिलाईत गेले तर माणसासाठी काही उरत नाही.

शेजारी बसणारे सीट आडवी करून झोपतात, ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. आडव्या सीटवर धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि पट्टा पोटात रुततो. डॅशबोर्डावर पाय ठेवणं तर त्याहून वाईट, कारण एअरबॅग पाय चेहऱ्याकडे भिरकावते.

मागे बसणाऱ्यांचा पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. तरीही मागच्या सीटवर आजी किंवा काका बसले की "त्यांना कशाला त्रास" म्हणून आपण पट्टा सोडून देतो.

बाळ मांडीवर घेऊ नका. ४० च्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोचं बाळ त्या क्षणी हातांना शंभर किलोहून जड लागतं. कुठलेच हात ते धरू शकत नाहीत. मागे तोंड असलेली बाळाची सीट पुढच्या जागेवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावायची नाही.

*सावधान:* डॅशबोर्डावर गणपती बसवायची आपली रीत आहे. ती मोडा असं मी म्हणत नाही, फक्त जागा बदला. शेजारच्या सीटसमोर एअरबॅगचं झाकण असतं, आणि त्यावर चिकटवलेली मूर्ती झाकण उघडताच समोरच्याच्या तोंडावर येते. छोटी तसबीर मधल्या भागात लावा. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर सरसकट मिळणारं सीटकव्हर चालत नाही, ती बाजू उसवेल अशी शिवण हवी. बंपरपुढे बसवलेला लोखंडी बुलबार काढून टाका. तो धडकेचा जोर वेगळ्याच वाटेने नेतो आणि सेन्सरचा हिशोब चुकवतो. पट्ट्याचा आवाज बंद करणारी क्लिप घरात असेल तर कचऱ्यात टाका.

टप्पा ४: किल्ली फिरवल्यावर पाच सेकंद थांबा

इंजिन चालू करण्याआधी सगळे दिवे लागतात आणि मग एकेक विझतात. ही गाडीची स्वतःची तपासणी असते. घाईत आपण ती पाहतच नाही.

एबीएसचा दिवा पेटूनच राहिला, तर साधे ब्रेक लागतील पण चाकं जाम होऊ शकतात. एअरबॅगचा पेटून राहिला, तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. घसरत्या गाडीचं चित्र असलेला दिवा मात्र नीट समजून घ्या. चालताना तो लुकलुकला तर ईएससी काम करतेय, म्हणजे तुम्ही पकडीच्या मर्यादेवर आहात, वेग कमी करा. सलग पेटलेला असेल तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. काही गाड्यांत ती बंद करायचं बटण गुडघ्याजवळ असतं आणि पायाने चुकून दाबलं जातं.

*तपासणी:* सुरू करताना एखादा दिवा लागलाच नाही, तरी ती शंकेची गोष्ट आहे. बिघाड लपवण्यासाठी कुणी दिवाच काढून ठेवलेला असू शकतो. जुनी गाडी घेताना हे आवर्जून पाहा.

टप्पा ५: एबीएसची ओळख, निघायच्या आधीच्या रविवारी

पुस्तिका वाचून हे येत नाही, पायाला कळावं लागतं. मोकळी, ओली, सपाट जागा शोधा. मागे-पुढे कुणी नाही हे पाहा. ३०-४० च्या वेगात ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल पायाखाली थरथरेल, खडखड आवाज येईल. चाकाची गती मोजणारा सेन्सर चाक जाम होतंय हे पाहतो, आणि यंत्रणा सेकंदाला कितीतरी वेळा दाब सोडते नि पुन्हा देते. थरथर त्याचीच. नेमकं याच क्षणी घाबरून लोक पाय उचलतात.

पुढच्या फेरीत ब्रेक दाबून ठेवलेला असतानाच गाडी थोडी बाजूला वळवा. वळते. एबीएसचा खरा फायदा हाच: चाक फिरत राहतं, म्हणून वळवता येतं. कमी अंतरात थांबणं दरवेळी मिळत नाही. सुट्या खडीवर तर एबीएसची गाडी जास्त अंतर घेऊ शकते. जुन्या सवयीने पेडल मारून-सोडून पंपासारखं चालवू नका, ते काम यंत्रणा तुमच्यापेक्षा फार वेगाने करते.

टप्पा ६: सपाट रस्ता

इथे फारसं शिकवण्यासारखं नाही. एकसारखा वेग ठेवा. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो, ॲव्हरेज तिथे जातं. सिग्नलला गिअर न्यूट्रलला आणून क्लच पूर्ण सोडला तरच इंजिन आपोआप बंद होतं. क्लच दाबून उभं राहिलात तर होत नाही, आणि मग "माझ्या गाडीत चालतच नाही" अशी तक्रार येते. रांग दोन-दोन सेकंदांनी सरकत असेल तर क्लच दाबून ठेवणंच बरं.

डिझेलवाल्यांसाठी: धुराची काजळी गाळणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला की गाडी बंद करू नका. मोकळ्या रस्त्यावर पुस्तिकेत दिलेल्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, काजळी जळून जाते. रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंत चालणाऱ्या गाडीत हा दिवा हमखास लागतो.

टप्पा ७: घाट चढताना

डॅशबोर्डावरचा बाण वरचा गिअर टाका म्हणेल. भरलेल्या गाडीत चढावर त्याचं ऐकू नका. इंजिन धडधडत असेल तर गिअर उतरवा. चढावर थांबून निघताना हिल होल्ड ही यंत्रणा ब्रेक साधारण दोन सेकंद धरून ठेवते, तेवढ्यात क्लच जुळवायचा. हाफ क्लचवर गाडी तोलून उभं राहू नका. वर येणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते हे उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

टप्पा ८: घाट उतरताना

आता मुख्य मुद्दा. लोणावळा ते खोपोली हा उतार साधारण साडेपाचशे मीटरचा आहे. माणसांसकट बाराशे किलोची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात वीस लिटर थंड पाणी उकळेल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. न्यूट्रलमध्ये हवा आणि टायर जे खातील ते सोडून बाकीची सगळी ब्रेकमध्ये जाते.

गिअरमध्ये असाल तर इंजिन ती खातं, आणि तेही फुकट. एक्सलरेटरवरून पाय काढला, गाडी गिअरमध्ये आहे, इंजिनचे फेरे मिनिटाला दीडेक हजाराच्या वर आहेत, हे पाहून इंजिनचा संगणक पेट्रोल सोडणंच थांबवतो. चाकं इंजिनला फिरवतात. फेरे खाली येऊन इंजिन बंद पडायच्या बेतात आलं, की पेट्रोल पुन्हा सुरू. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या जोरावर फिरत राहायचं असतं, म्हणून ते तासाला अर्धा ते एक लिटर जाळत राहतं. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल असं थांबत नसे, म्हणून मामांची सवय त्यांच्या पहिल्या गाडीपुरती बरोबर होती. आताच्या गाडीत ती उलटी पडते.

१. पहिलं वळण यायच्या आधी गिअर निवडा. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. बहुतेकदा दुसरा किंवा तिसरा.

२. वेग आपोआप राखणारं क्रूझ कंट्रोल बंद. पुढच्या गाडीचं अंतर राखणारं असेल तर आधी बंद. वळणावर पुढची गाडी त्याच्या नजरेतून सुटते आणि ते वेग वाढवू शकतं.

३. एक्सलरेटर सोडा, क्लचवर पाय ठेवू नका. आवाज वाढेल, फेऱ्यांचा काटा तीन हजारांकडे जाईल. काही बिघडत नाही, लाल पट्ट्यापासून दूर ठेवलं की झालं.

४. वेग वाढला तर ब्रेक नीट दाबा, वेग उतरवा, सोडून द्या. हलका पाय सतत टेकवून ठेवू नका. दाबण्यांच्या मधल्या वेळात ब्रेक थंड होतात. वेग वळणाआधी उतरवा, वळणात नाही.

५. सारखं ब्रेक दाबावं लागत असेल तर गिअर चूक आहे. आणखी एक उतरवा.

ऑटोमॅटिकमध्ये डी वर सोडून देऊ नका. हाताने गिअर धरून ठेवायची सोय, एल, एस किंवा बी, जे असेल ते वापरा. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत विजेच्या मोटरवरही चालणारी गाडी, उतारावर वीज साठवते, पण त्या साडेपाचशे मीटरच्या उतारात जवळजवळ दोन युनिट ऊर्जा आहे आणि बॅटरी असते युनिटभराच्या आसपास. ती अर्ध्यातच भरू शकते. त्यानंतर वीज साठवून मिळणारा अडथळा कमी होतो, म्हणून बी आधीच निवडा.

*तपासणी:* स्क्रीनवर त्या क्षणाचं ॲव्हरेज लावा. गिअरमध्ये पाय काढून उतरताना आकडा कमाल टोकाला जाऊन चिकटतो. न्यूट्रलला टाकताच खाली येतो. मामांना हेच दाखवलं. माझ्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते त्या आकड्याने केलं.

*सावधान:* उतारावर इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबण्यांत संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

ब्रेक मऊ लागले किंवा वास आला, तर गिअर उतरवा, इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास तरी थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. ब्रेक पूर्णच गेले तर पेडल भराभर दाबत राहा, एकेक करून गिअर उतरवा, हॉर्न आणि दिवे चालू ठेवा, हँडब्रेक हळूहळू ओढा. झटक्याने ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला घ्या.

टप्पा ९: पोचल्यावर

टर्बो इंजिन जोरात चालून आलं असेल तर एखादं मिनिट चालू राहू द्या, मग बंद करा. उतारावर गाडी तोंड खाली करून उभी असेल तर रिव्हर्स, तोंड वर असेल तर पहिला गिअर टाका, आणि हँडब्रेक. चाकाखाली दगड लावलात तर निघताना उचलून रस्त्याबाहेर ठेवा. रात्री दुचाकीवरून येणाऱ्यासाठी तो दगड जीवघेणा असतो.

ॲव्हरेज काढायचं तर स्क्रीनवर विसंबू नका, बऱ्याच गाड्या थोडं चढवून दाखवतात. टाकी पंपाच्या पहिल्या कटपर्यंत भरा, ट्रिपचा आकडा शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा, आणि चाललेले किलोमीटर आत गेलेल्या लिटरने भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. तीन टाक्यांची सरासरी घ्या, आणि त्या तिन्ही वेळा थंड टायरची हवाही वहीत लिहा.